आधी हशा, मग गाणं

विनोदी ऑपेराला मित्रमंडळींसोबत जायचं ठरलं की तिकिटं काढणारा हल्ली एक गोष्ट हमखास तपासतो: या खुर्च्यांवरून वरची पट्टी दिसते ना? ही पट्टी म्हणजे सरटायटल्स, रंगमंचाच्या माथ्यावर उमटणारं गाण्याचं भाषांतर. ऑपेरागृहात ती पहिल्यांदा दिसली टोरांटोत, २१ जानेवारी १९८३ रोजी. गंमत म्हणजे त्या रात्रीचा ऑपेरा विनोदी नव्हता, जर्मन भाषेतली सूडाची ग्रीक कथा होती. खरा वाद पेटला तो मात्र विनोदावरून.

त्याआधीचं थोडक्यात. गंभीर ऑपेराच्या दोन अंकांमध्ये करायचे छोटे विनोदी प्रवेश नेपल्समध्ये लोकप्रिय झाले. 'ला सेर्वा पाद्रोना' (१७३३) त्यांतलाच: दोन गाणारे, एक मुकं पात्र, आणि मालकाला लग्नाच्या बोहल्यावर चढवणारी मोलकरीण. १७५२ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे प्रयोग झाले आणि इटालियन संगीत श्रेष्ठ की फ्रेंच, यावर पत्रकांची लढाई जुंपली. 'ऑपेरा कोमिक' या फ्रेंच नावावर मात्र विसंबू नये. त्याचा रूढ अर्थ गाण्यांच्या अधेमधे बोलके संवाद असलेला ऑपेरा, एवढाच. शेवटी नायिकेचा खून होतो तो 'कार्मेन'ही (१८७५) त्याच खात्यात जमा आहे. नुसतं नाव वाचून मित्रांना हसवायला न्याल तर पंचाईत.

तेव्हाच्या प्रेक्षागृहांत दिवे जळतच असत. लोक संहितेची पुस्तिका विकत घेत, गाणं चालू असताना ओळीवर बोट ठेवून वाचत, मध्येच शेजारच्या बॉक्समधल्या ओळखीच्यांशी गप्पाही मारत. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टचा विनोदी ऑपेरा 'फिगारोचं लग्न' लागला तेव्हा वन्स मोअर इतके पडले, की एकाहून अधिक जणांनी मिळून गायच्या जागा पुन्हा घ्यायच्या नाहीत असा बादशाही हुकूम निघाला. शब्द हातात असलेला प्रेक्षक असा धीट असतो.

मग अंधार आला. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये प्रेक्षागृह काळोखं केलं गेलं, पुढे विजेच्या दिव्यांनी ते सोपं झालं आणि हळूहळू तीच रीत पडली. हातातली पुस्तिका निरुपयोगी ठरली. उरले दोन मार्ग: गोष्ट घरून वाचून जाणं, किंवा प्रेक्षकांच्या भाषेत भाषांतर करून गाणं. दुसऱ्यात अडचण अशी, की विनोदाची कळ ज्या शब्दात, तो भाषांतरात भलत्याच सुरावर जाऊन बसतो.

म्हणूनच १९८३ नंतरची पट्टी अनेकांना वरदान वाटली आणि अनेकांना थिल्लरपणा. नजर गायकावरून उडते, हा एक आक्षेप. त्याहून बोचरा आक्षेप वेळेचा. ओळ वाचायला दोन सेकंद पुरतात, गायकाला तीच ओळ आळवत शेवटच्या शब्दापर्यंत जायला कितीतरी जास्त लागतात. प्रेक्षक आधीच हसून मोकळे होतात आणि ज्या सुरावर हसायचं तो हशात बुडतो. उपाय कळायला काही काळ जावा लागला: ओळ तोडायची, कळीचा शब्द मागे ठेवायचा, आणि स्वरलिपी समोर घेऊन कोणीतरी प्रत्येक प्रयोगात बटण दाबत बसायचं. हा माणूस अर्धा नटच म्हणायचा.

न्यूयॉर्कच्या सर्वांत मोठ्या ऑपेरागृहाने बराच काळ विरोध करून १९९५ मध्ये मधला मार्ग काढला: प्रत्येकाच्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा, नको असेल तर बंद करा. हुशारीची तडजोड, पण मला ती विनोदाला मारक वाटते. तुमचा पडदा बंद आणि मैत्रिणीचा चालू असेल, तर ती आधी हसते आणि तुम्ही तिच्याकडे बघत राहता.

२००५ मध्ये लंडनमधली, सगळं इंग्रजीतच गाणारी एक कंपनी इंग्रजी गाण्यावर इंग्रजी पट्टी लावू लागली तेव्हा तर गहजब झाला. वाचायचंच असेल तर भाषांतर गायचं कशाला, असा सवाल होता. समर्थकांचं म्हणणं साधं होतं: उंच स्वरांत शब्द कोणत्याच भाषेत कळत नाहीत. मला हे पटतं. विनोदी ऑपेराच्या अंकाअखेरीला सहा-सात पात्रं एकाच वेळी आपापले वेगळे शब्द गात असतात. तिथे कोणाची ओळ दाखवायची हे पट्टीवाल्यालाच ठरवावं लागतं, आणि बरेचदा तो पट्टी कोरी सोडतो.