शाब्लीची कालवं आणि आपला मृद्गंध

फ्रान्समध्ये शाब्लीच्या द्राक्षबागांत जमीन उकरली की चुनखडीत इवल्या कालवांचे जीवाश्म सापडतात. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. इथवर सगळं खरं. पण वाइन विकणारे इथे थांबत नाहीत. तीच चुनखडी म्हणे मुळांवाटे वेलीत चढते, द्राक्षात उतरते, आणि म्हणून शाब्लीच्या पांढऱ्या वाइनला ‘खनिज’ चव असते!

या हिशेबाने नाशिकच्या वाइनला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, लागायला हवा, आणि काळ्या रानातल्या ज्वारीच्या भाकरीलाही.

मुळं दगड खात नाहीत. पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचे आयन (विद्युतभार असलेले कण) ती घेतात, तेही अगदी थोडे. द्राक्षातली साखर पानं बनवतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी वापरून. तयार वाइनमध्ये लिटरमागे खनिजं असतात दोन-चार ग्रॅम, त्यात सर्वाधिक पोटॅशियम. ते केळ्यातही असतं; केळं खाऊन ‘दगड लागला’ असं कुणी म्हणत नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स माल्टमन हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ते स्वतः द्राक्षं लावतात, त्यामुळे वाइनवाल्यांशी त्यांचं वैर असायचं कारण नाही.

जमिनीचा परिणाम होतोच. निचरा कसा, ओल किती टिकते, माती किती तापते, यावर द्राक्षाचं पिकणं ठरतं. पण ‘आमच्या जमिनीचा निचरा चांगला आहे’ एवढ्यावर बाटली चढ्या भावाने खपत नाही.

गंमत म्हणजे हा ‘खनिज’ शब्दही फार जुना नाही. कॅलिफोर्नियातल्या वाइन-संशोधक अ‍ॅन नोबल यांनी 1980च्या दशकात वाइनच्या वासांना नावं देणारं चक्र आखलं, ते जगभर गाजलं. त्यात तो नाही.

मग चाखणारे थापा मारतात का? नाही, त्यांना काहीतरी जाणवतं खरं. काही वाइनना चकमक घासल्यासारखा वास येतो. तो बेंझिनमिथेनथायॉल या गंधकयुक्त रेणूमुळे येऊ शकतो. लिटरभर वाइनमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी नाकाला तो कळतो. पण हा रेणू खडकातून चढलेला नसतो, वाइन बनतानाच्या रसायनातून तयार होतो.

आणि ओल्या दगडाचा वास? तो आपल्याला कुणी शिकवायला नको; कनौजचे अत्तरवाले तर मातीचा वास चंदनाच्या तेलात धरून ठेवतात. 1964 साली ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. वनस्पतींची तेलं कोरड्या दगडमातीवर साचतात, जिवाणू जिओस्मिन नावाचं मातकट वासाचं रसायन बनवतात, आणि पहिल्या सरीबरोबर हे सगळं हवेत उडतं. म्हणजे मृद्गंधही मुळात दगडाचा नव्हेच. एखादा दगड फोडा, आतली ताजी बाजू ओली करा आणि हुंगा. काहीच येत नाही.