रोज रात्री गोठणारे बेडूक, हे कोडं आलं कुठून

उष्णकटिबंध म्हटलं की गोठवणारी थंडी डोक्यातच येत नाही. पण पेरूतल्या अँडीजमध्ये 5,000 मीटरच्या वर गेलं की रात्री डबकी गोठतात आणि दुपारी तिथेच ऊन अंग भाजून काढतं, तेही वर्षातले बरेच महिने. ओलोव्ह हेडबर्ग या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या उंच डोंगरांबद्दल म्हटलं होतं की इथे रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा, ते अँडीजलाही चपखल बसतं. आणि अशा ठिकाणी बेडूक राहतात, ओल्या कातडीचे! मग ते रात्र काढतात कशी, हे ते कोडं.

बेडूक गोठण्याची गोष्ट मात्र सुरू होते पार कॅनडाच्या उत्तरेत. सॅम्युअल हर्न नावाच्या अठराव्या शतकातल्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की शेवाळाखाली दगडासारखे गोठलेले बेडूक सापडतात, पाय काडीसारखा मोडतो, पण हळूहळू ऊब दिली की जिवंत होतात, मात्र परत गोठले तर संपलेच. त्याचं लिखाण छापून आलं 1795 मध्ये, तो गेल्यावर, आणि विज्ञानाने याची नीट दखल घ्यायला जवळजवळ दोनशे वर्षं लावली. 1982 मध्ये विल्यम श्मिड यांनी वुड फ्रॉग (उत्तर अमेरिकेतल्या जंगलातला बेडूक) आणि आणखी काही बेडूक खरंच गोठून जगतात हे दाखवलं, मग ओटावातल्या कार्लटन विद्यापीठाच्या केन आणि जॅनेट स्टोरी या जोडप्याने ते कसं होतं ते उलगडलं.

तर होतं असं, की कातडीला बर्फ लागला की यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साखरेच्या साठ्याचं, ग्लुकोज करायला लागतं, हृदय चालू आहे तोवर ते सगळीकडे पोचवलं जातं, बर्फ धरतो तो कातडीखाली, पोटाच्या पोकळीत, थोडक्यात पेशींच्या बाहेर, आणि पेशीतलं पाणी ओढलं जाऊन आत उरतो घट्ट पाक जो गोठत नाही. शरीरातल्या पाण्याचा जवळपास 65 टक्के बर्फ होतो. हृदय बंद, श्वास बंद. मेलेला म्हणायचं की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अलास्कातल्या डॉन लार्सन, ब्रायन बार्न्स वगैरे संशोधकांनी 2014 मध्ये आणखी एक मजा दाखवली. तिथले वुड फ्रॉग उणे 18 अंशापर्यंत आणि सुमारे सात महिने गोठून राहतात, पण त्याआधी शरद ऋतूत रात्री गोठणं दिवसा वितळणं असं बऱ्याचदा होतं आणि दरवेळी अंगातलं ग्लुकोज वाढत जातं. म्हणजे परत गोठला की मेला हे हर्नचं म्हणणं काही सगळीकडे खरं नाही.

अँडीजकडे लोक आधी वेगळ्याच अंगाने बघत होते. 1976 मध्ये पिअरसन आणि ब्रॅडफर्ड यांनी पेरूतले उंचीवरचे भेक आणि सरडे ऊन खाऊन अंग कसं तापवतात याचा अभ्यास केला, टेल्माटोबियस हा तिथला दुसरा बेडूक तर पाण्यातच राहतो आणि खोल पाणी तळापर्यंत गोठत नाही, त्यामुळे एकूण रोख थंडी चुकवण्यावर होता. मग 2007 मध्ये ट्रेसी सायमन आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की पेरूतल्या कॉर्डिलेरा विल्कानोटा या डोंगररांगेत हिमनद्या मागे सरकून झालेल्या नव्या तळ्यांमध्ये, 5,200 ते 5,400 मीटरवर, बेडूक पोचलेत. प्लुरोडेमा मार्मोराटम हा त्यातलाच एक छोटा बेडूक, आणि 2021 मध्ये केल्सी रायडर यांच्या टीमने (लार्सन आणि बार्न्स यातही आहेत) दाखवलं की तो गोठणं सहन करतो.

मला यातला फरक भारी वाटतो. वुड फ्रॉग एकदा झोपला की वसंतापर्यंत त्याला दुसरं काम नाही, इथे मात्र वितळायचं, खायचं, अंडी घालायची आणि संध्याकाळी परत थंडीला तोंड द्यायचं, विश्रांतीचा सीझनच नाही.

आणि 2007 च्या त्याच अभ्यासात, त्याच उंचीवर, बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी कायट्रिड बुरशीही सापडली होती.