वारस दाखल्यातलं १८२७

जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर बारीक टाइपात जाहीर नोटीस असते. अमुक गावचे तमुक मयत झाले, त्यांचे वारस म्हणून दाखला मिळावा असा अर्ज दिवाणी न्यायालयात आला आहे, कोणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवावी. त्यातच कुठेतरी ‘मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७’ असे शब्द असतात. १८२७ म्हणजे जोतीराव फुल्यांचा जन्म झाला ते वर्ष. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, हायकोर्ट नव्हतं, राणीचं राज्यही नव्हतं. राज्य होतं एका व्यापारी कंपनीचं, आणि त्या कंपनीच्या गव्हर्नरानं केलेला कायदा आजही सातबारा आणि फ्लॅटच्या भांडणात हजर होतो.

तो गव्हर्नर म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८११ पासून पुण्याच्या दरबारातला कंपनीचा वकील म्हणजे रेसिडेंट, पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर आणि नोव्हेंबर १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर. मुंबई बेटावर इंग्रजी कायदा त्याच्या कितीतरी आधी आला होता. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर हे बेट कंपनीकडे आलं आणि १६७२ मध्ये गव्हर्नर ऑंजिएरनं तिथला पोर्तुगीज कायदा बंद करून इंग्रजी न्यायालय उघडलं. पण ती गोष्ट एका बेटाची. १८१८ नंतर कंपनीच्या हाती आला तो घाटावरचा मुलूख, जिथे वतनं होती, जातींच्या रीती होत्या आणि न्याय करायची स्वतःची पद्धत होती.

ती पद्धत म्हणजे पंचायत. वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून देत. हा आजचा नोकरी सोडण्याचा राजीनामा नव्हे; पंच ठरवतील ते आम्हांस राजी आहे, असा तो कागद. जामीन घेतले जात, दोन्हीकडच्या तक्रीरी म्हणजे कैफियती लिहून घेतल्या जात, साक्षी होत आणि शेवटी निवाडपत्र. जिंकणाऱ्यानं सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्यानं ‘गुन्हेगारी’. रामशास्त्र्यांच्या नावाचा दबदबा होता, पण आज ज्याला आपण कोर्ट म्हणतो तसं गावोगाव काही नव्हतं. ऑक्टोबर १८१९ मध्ये एल्फिन्स्टननं गव्हर्नर जनरलला जो अहवाल पाठवला, त्यात या व्यवस्थेचे दोष त्यानं लपवले नाहीत. लाच, वशिला, दिरंगाई, निवाड्याची अंमलबजावणी होण्याची खात्री नाही. तरीही लोक यावर निभावून नेत होते, तेव्हा पंचायत हेच मुख्य साधन ठेवावं असं त्याचं मत होतं. बंगालमध्ये कंपनीनं इंग्रजी धर्तीची कोर्टं घाईनं उभी केली होती. तसं इथे होऊ नये ही त्याची धडपड.

मग त्यानंच कायद्याचं पुस्तक का केलं? मुंबई सरकारची रेग्युलेशनं १७९९ पासून सुटी सुटी निघत होती. जुनी, दुरुस्त केलेली, दुरुस्तीची दुरुस्ती, अशी गुंतागुंत. नव्या मुलखात ती लावायची तर आधी नीट लावून घेणं भाग होतं. शिवाय एल्फिन्स्टन हा कायदा नीट लिहून काढावा म्हणणाऱ्या बेंथम या इंग्रज विचारवंताला वाचलेला माणूस. कायदा एका जागी, सुटसुटीत आणि लोकांना कळेल असा असावा हे त्याला पटलेलं होतं. १८२० पासून समिती काम करत होती. १ जानेवारी १८२७ ला रेग्युलेशनं मंजूर झाली, १ सप्टेंबरपासून लागू झाली आणि नोव्हेंबरात एल्फिन्स्टननं मुंबई सोडली. दिवाणी कोर्टं, फौजदारी गुन्हे, पोलीस, जमीन महसूल, वतनदार अधिकारी, लवाद, अफू, सगळं त्यात. २९ व्या रेग्युलेशननं ते दख्खन आणि खानदेशाला लावलं.

माझ्या मते या संग्रहाचं खरं वेगळेपण चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात आहे. दाव्याचा निकाल कशाच्या आधारानं द्यायचा? आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उद्भवला तिथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेकबुद्धी. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जनं हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण असं ठरवून टाकलं होतं. इथे पोथीच्या आधी चालरीत आली. दख्खनमध्ये काम केलेल्या माणसाला हे सुचणं साहजिक होतं, कारण दत्तक, वाटणी, पाट, काडीमोड यांत जातवार रिवाज पोथीला विचारत नव्हते.

पण रिवाज माहीत हवा ना! म्हणून आर्थर स्टीलनं पुण्यातले शास्त्री आणि निरनिराळ्या जातींचे प्रमुख यांना प्रश्न घालून उत्तरं उतरवून घेतली. त्याचा दख्खनच्या जातिरिवाजांचा ग्रंथ १८२७ सालीच छापून निघाला. गुजरातेत बोराडेलनं तेच केलं. यातली गंमत अशी, की रिवाज लिहून काढला की तो रिवाज राहत नाही, नियम होतो. जातीची बैठक पूर्वी प्रसंग पाहून थोडं इकडे तिकडे करायची. आता कागदावर जे उतरलं तेच ‘पूर्वापार’.

पंचायतीचंही तसंच झालं. सातव्या रेग्युलेशनात लवादाला जागा ठेवली होती, पण सरकारी मुन्सफाचं, म्हणजे खालच्या दिवाणी न्यायाधीशाचं, कोर्ट शेजारी उघडं असताना पंच कोण होणार? पदरमोड करून बसायचं, वाईटपणा घ्यायचा, आणि हरलेला माणूस कोर्टात जाणारच. पंचायत कोणी बंद केली नाही. तिच्याकडे लोक जायचे थांबले. एल्फिन्स्टनला जे टिकवायचं होतं ते त्याच्याच रचनेत सुकून गेलं, आणि याचा दोष मी त्याच्या हेतूला देणार नाही.

फौजदारीचं चौदावं रेग्युलेशन मात्र काळाच्या पुढे होतं. बंगाल आणि मद्रासमध्ये मुसलमानी फौजदारी कायद्याचा सांगाडा अजून चालू असताना मुंबई इलाख्यात धर्म न पाहता सर्वांना एकच गुन्हे-शिक्षांचा संग्रह आला. पुढे १८६२ मध्ये भारतीय दंड संहिता लागू झाली तेव्हा तो निवृत्त झाला. त्यात फटके होते, धिंड होती, आणि सहगमनाच्या, म्हणजे सती जाण्याच्या, विधीला मदत करणं हा खून मानू नये असं कलमही होतं. ते १८३० मध्ये काढावं लागलं.

ही रेग्युलेशनं मुंबई शहरात चालत नसत. तिथे १८२४ पासून राजाचं सुप्रीम कोर्ट होतं. १८२८ मध्ये या दोन न्यायांची टक्कर पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलावरून झाली. पांडुरंग रामचंद्र या त्याच्या नात्यातल्या बड्या गृहस्थानं त्याला अडकवून ठेवलं आहे म्हणून सुप्रीम कोर्टानं हेबियस कॉर्पस, म्हणजे अडकवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा हुकूम, काढलं. गव्हर्नर माल्कमनं ते पुण्यात बजावू दिलं नाही. न्यायमूर्ती ग्रँट इतका चिडला की एप्रिल १८२९ मध्ये त्यानं कोर्टच बंद ठेवलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळानं, सरकारची बाजू घेतली. पुणेकरांना राजाचा न्याय नव्हे, कंपनीचा न्याय.

त्या न्यायाचं एक टोक पंचविसाव्या रेग्युलेशनात होतं: राजकीय कारणासाठी माणसाला खटल्याशिवाय कैदेत ठेवण्याची मुभा. सत्तर वर्षांनी, १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर, पुण्याच्या नातू बंधूंना याच रेग्युलेशनाखाली उचललं. पेशवाई बुडवताना एल्फिन्स्टनला साथ देणारे बाळाजीपंत नातू त्याच घराण्यातले.

यातली बहुतेक रेग्युलेशनं नव्या कायद्यांनी एकेक करून रद्द केली. आठवं उरलं. ते काढून वाचलं तर पहिल्याच कलमात दिसतं, की वारसाला मिळकत ताब्यात घ्यायला आधी कोर्टाकडे जायची गरज नाही. हा दाखला हवा असेल त्यानं घ्यावा. पुढे सातव्या कलमात हेही आहे, की दाखल्यानं मालकी मिळत नाही, तूर्त मिळकतीचा कारभार कोणाकडे आहे एवढंच तो सांगतो. हे बँकेच्या काउंटरवर सांगून पाहावं.