उघड्या फाईलचं रिनेम 'डिलीट'मध्ये का अडकलं?

विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडलेल्या फाईलचं नाव बदलायला गेलं की अनेकदा नकार मिळतो. युनिक्सवर या प्रश्नाने कधी डोकं वर काढलं नाही. तिथे नाव डिरेक्टरीत राहतं, मजकुराचा पत्ता आयनोड नावाच्या नोंदीत, आणि चालू प्रोग्रॅमने धरलेला असतो तो आयनोड. पूर्वी नाव बदलायला नवी लिंक (त्याच आयनोडला दुसरं नाव) करून जुनी काढत. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत हे काम एकाच झटक्यात करणारा रिनेम कॉल आला. चकवा एवढाच, की सर्व्हर ज्यात नोंदी लिहितो त्या 'अ‍ॅप.लॉग'चं 'अ‍ॅप.लॉग.१' केलं तरी सर्व्हर त्या '.१'मध्येच लिहीत बसतो. सिग्नल (चालू प्रोग्रॅमला दिलेली खूण) पाठवून त्याला फाईल नव्याने उघडायला लावावी लागते.

फाईल उघडतानाच 'इतरांना काय करू द्यायचं' ते ठरवण्याची पद्धत डॉसमधून आली. १९९३ च्या विंडोज एनटीत तिचे तीन शेअर फ्लॅग (इतरांना दिलेल्या परवानगीच्या खुणा) झाले: रीड १, राइट २, डिलीट ४. सगळा घोळ या चारचा आहे. नाव बदलणं म्हणजे जुन्या जागेवरून नाव नाहीसं करणं, म्हणून रिनेमलाही डिलीटचाच अ‍ॅक्सेस लागतो. आपली फाईल कुणी पुसू नये म्हणून प्रोग्रॅमर चार देत नाही आणि नकळत रिनेमही बंद करतो. फाईल दहा जणांनी उघडली असेल आणि नऊ जणांनी चार दिला असेल, तरी दहाव्यापायी 'फाईल दुसऱ्याने धरली आहे' असा एरर ३२ येतोच. त्यात विंडोज ९५ आणि ९८ला हा फ्लॅग चालत नव्हता. दोन्हीकडे चालणाऱ्या प्रोग्रॅमना तो सरसकट देता येईना. सी भाषेच्या लायब्ररीतला फाईल उघडणारा साधा एफओपनही वाचन-लेखनापुरतीच मोकळीक देतो. फ्लॅगच्या नावात 'रिनेम' असतं तर निम्मा मनस्ताप टळला असता.

गंमत म्हणजे चालू ईएक्सई (प्रोग्रॅमची फाईल) पुसता येत नाही, पण तिचं नाव बदलता येतं, कारण लोडर (प्रोग्रॅम मेमरीत आणणारा विंडोजचा भाग) ती उघडताना चार देतो. अपडेटर याचाच फायदा घेतात: जुनीला '.ओल्ड' करायचं, नवी तिच्या जागी ठेवायची, प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला की '.ओल्ड' पुसायची. तरीही जी हलत नाही तिचं नाव रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या 'पेंडिंग फाईल रिनेम ऑपरेशन्स'मध्ये जातं आणि पुढच्या बूटला काम होतं.

फोल्डरचं दुखणं निराळं. आत एक फाईल जरी उघडी असली, तरी चार असो वा नसो, फोल्डरचं नाव बदलत नाही, परवानगी नाकारणारा एरर ५ येतो.

विंडोज १० मध्ये पॉझिक्स (युनिक्सच्या धर्तीचं मानक) पद्धतीचं रिनेम आलं. त्याने दुसऱ्या उघड्या फाईलच्या नावावर आपली फाईल बसवता येते, पण ती दुसरी फाईल उघडणाऱ्याने चार दिलेला असेल तरच.