साल्मोनेला आणि आतड्याची प्रतिकारव्यवस्था

साल्मोनेला ही माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यात रोग घडवणाऱ्या जिवाणूंची प्रजाती आहे. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी यातला एक जिवाणू वेगळा काढला, पण नाव लागले ते त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे. यातल्या साल्मोनेला एंटेरिका या जातीचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार नोंदलेले आहेत. त्यांपैकी टायफी हा उपप्रकार आंत्रज्वर, म्हणजे टायफॉइड किंवा मुदतीचा ताप आणतो. टायफीम्युरियम या दुसऱ्या उपप्रकारामुळे दूषित अन्नातून जुलाब-उलट्या होतात. दोघांची बहुतेक जनुके सारखी असली तरी आजार अगदी निराळे. पहिल्यात आठवडेच्या आठवडे ताप राहतो, दुसऱ्यात चार-सहा दिवसांत माणूस बरा होतो. एवढा फरक पडतो तो शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेशी दोघे वेगळ्या रीतीने वागतात म्हणून.

सुरुवात दोघांचीही सारखीच. गिळलेल्या जिवाणूंपैकी बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात. म्हणूनच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना या संसर्गाचा धोका जास्त. वाचलेले जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात. तिथल्या अस्तराखाली पेयर क्षेत्रे नावाचे लसीकापेशींचे (एका प्रकारच्या प्रतिकारपेशींचे) पुंजके असतात आणि त्यांच्यावर एम पेशींचे आवरण असते. आतड्यातून जाणाऱ्या मालाचे नमुने उचलून खालच्या प्रतिकारपेशींना दाखवणे हे एम पेशींचे काम. साल्मोनेला आत शिरायला नेमकी हीच वाट वापरतो. त्याच्या पृष्ठभागावर सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून तो अस्तरातल्या पेशीत काही प्रथिने टोचतो; पेशीचे आवरण फुगून वर येते आणि पेशी स्वतःच जिवाणूला आत ओढून घेते.

आत महाभक्षी पेशी असतात. त्या जिवाणूला गिळून पचवून टाकतात, असे अपेक्षित असते. साल्मोनेला मात्र गिळला गेल्यावर दुसरी सुई-यंत्रणा सुरू करतो आणि ज्या पोकळीत तो अडकलेला असतो तिचे रूप बदलून तिथेच वाढू लागतो. महाभक्षी पेशीला त्याला मारण्यासाठी बाहेरून चेतना लागते, आणि ती मुख्यतः टी पेशी या प्रतिकारपेशींकडून येणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशद्रव्यातून मिळते. या साखळीत जन्मजात दोष असलेल्या मुलांना क्षयाच्या कुळातल्या जिवाणूंचे आणि साल्मोनेलाचे आजार पुन्हा पुन्हा होतात, यावरून तिचे महत्त्व कळते.

इथून पुढे दोन्ही उपप्रकारांच्या वाटा वेगळ्या होतात. टायफीम्युरियम आपली ओळख लपवत नाही. त्याच्या शेपट्यांतले फ्लॅजेलिन हे प्रथिन आणि बाह्यावरणातली मेदशर्करा यांना ओळखणारे ग्राही, म्हणजे पेशींवरचे किंवा पेशींतले ओळखरेणू, शरीराकडे असतात. ते जागे झाले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आतड्यात धाव घेतात, दाह होतो, पाणी सुटते, जुलाब लागतात. हा दाह जिवाणूला हटवण्यासाठी असतो, पण त्याचा फायदा जिवाणूलाच होतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. आतड्यातले नेहमीचे जिवाणू गंधकाचा वायू सोडतात. अस्तर त्याचे थायोसल्फेट करून टाकते. न्यूट्रोफिल पेशींनी सोडलेल्या तीव्र ऑक्सिडीकारक रसायनांमुळे या थायोसल्फेटचे टेट्राथायोनेट बनते. साल्मोनेलाला ऑक्सिजनऐवजी टेट्राथायोनेटवर श्वसन करता येते. आतड्यातल्या बहुसंख्य रहिवासी जिवाणूंना ते जमत नाही. त्यामुळे दाह पेटला की रहिवासी मागे पडतात आणि पाहुणा फोफावतो. प्रयोगशाळेत साल्मोनेला वेगळा काढण्यासाठी टेट्राथायोनेट घातलेले माध्यम त्याआधी अनेक दशके वापरात होते. शरीरही तेच माध्यम तयार करते, हे मात्र फार उशिरा लक्षात आले.

लोहाच्या बाबतीतही असेच घडते. जिवाणू लोह गोळा करण्यासाठी एंटेरोबॅक्टिन नावाचे रेणू सोडतात आणि दाहाच्या वेळी शरीर लिपोकॅलिन-२ या प्रथिनाने ते रेणू पकडून ठेवते. साल्मोनेला त्याच रेणूला साखर जोडून साल्मोकेलिन बनवतो. ते लिपोकॅलिनच्या पकडीत बसत नाही.

टायफीची रीत याच्या नेमकी उलटी आहे. तो फक्त माणसालाच ग्रासतो. आत शिरताना तो व्हीआय नावाचे साखरेचे कवच चढवतो आणि त्याच वेळी फ्लॅजेलिन बनवणे आवरते घेतो. हे कवच फेलिक्स व पिट या संशोधकांनी १९३४ मध्ये ओळखले. कवचामुळे खालची मेदशर्करा झाकली जाते, न्यूट्रोफिल फारसे जमत नाहीत आणि आतड्यात गाजावाजा होत नाही. सुरुवातीला जुलाबाऐवजी बद्धकोष्ठ असलेला टायफॉइडचा रुग्ण डॉक्टरांना नवीन नाही. मधल्या काळात जिवाणू महाभक्षी पेशींतून यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेपर्यंत जाऊन वाढलेले असतात. ते तिथून पुन्हा रक्तात उतरले की ताप चढतो. उपचार न झाल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुजलेल्या पेयर क्षेत्रांवर व्रण पडून आतडे फुटू शकते.

काहींच्या पित्ताशयात, विशेषतः खडे असतील तर, जिवाणू वर्षानुवर्षे तग धरतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण १९०७ मध्ये आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला विलगीकरणात राहावे लागले.

फेर्नाँ विडाल यांची १८९६ सालची चाचणी टायफीविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे जिवाणूला चिकटणारी प्रथिने, शोधते. ही प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी व्हायला साधारण आठवडा लागतो. आपल्याकडे तापाच्या दुसऱ्या दिवशी एकच विडाल करून ‘टायफॉइड निघाला’ असे सर्रास सांगितले जाते. त्याला फारसा आधार नसतो, कारण आधीची लस किंवा जुना संसर्ग यांमुळेही ती चाचणी पॉझिटिव्ह येते. प्रतिजैविक सुरू करण्याआधी केलेले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहणे, अधिक भरवशाचे, जरी तेही बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह येते.

यजमानाची स्थिती बदलली की चित्र बदलते. आफ्रिकेत एचआयव्ही, मलेरिया व कुपोषण असलेल्यांत टायफीम्युरियमसारखे एरवी आतड्यापुरते राहणारे उपप्रकारही रक्तात पसरतात. सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारात प्लीहा निकामी होत जाते, आणि त्या रुग्णांच्या हाडांत साल्मोनेलाचा संसर्ग होतो. गडचिरोली व नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल बराच असल्याने तिथल्या डॉक्टरांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

ज्या कवचाने टायफी लपतो त्याच कवचावर आजच्या बहुतेक लशी बेतलेल्या आहेत. नुसत्या व्हीआय शर्करेची लस टी पेशींची मदत मिळवू शकत नाही, त्यामुळे दोन वर्षांखालील बाळांत ती चालत नाही आणि तिची स्मृती टिकत नाही. शर्करेला धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाचे प्रथिन जोडले की टी पेशी सामील होतात. हैदराबादच्या भारत बायोटेकने अशी संयुग्म लस तयार केली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. २०१९ मध्ये पाकिस्तानने ती नियमित लसीकरणात घेतली. असे करणारा तो पहिला देश. सिंधमध्ये २०१६ पासून बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणारा टायफी पसरत होता.