क्लायोनी लिमॅसिना

उत्तर ध्रुवीय व उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात पोहणारी, कवच नसलेली सागरी गोगलगाय. मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग. ‘उदरपाद’ हा वाईच्या विश्वकोश-परंपरेतला प्रतिशब्द ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ या म्हणीशी सहज जुळतो. या प्राण्यात मात्र पोटाशी पाय जेमतेम उरला आहे. वाई-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात ओल्या भिंतीवर सरकणारी बिनकवची गोगलगाय ज्या तळव्यावर चालते, त्याच पायाच्या कडांचे येथे दोन पंख झाले आहेत. दोघींचे साम्य वरवरचे असून कवच दोन्हीकडे स्वतंत्रपणे नाहीसे झाले.

नामकरणाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. फ्रीडरिख मार्टेन्सच्या १६७१ मधील स्पिट्सबर्गन सफरीच्या वृत्तांतात या प्राण्याचे वर्णन आढळते. शास्त्रीय जातिनाम कॉन्स्टन्टाइन फिप्सचे : १७७३ च्या ध्रुवीय मोहिमेनंतर (तरुण होरेशिओ नेल्सन याच मोहिमेत होता) त्याने १७७४ मध्ये तिला ‘क्लिओ लिमॅसिना’ म्हटले. परंतु क्लिओ ही लिनीअसची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आज कवचधारी पंखपादांसाठी (पायाचे पंख झालेल्या सागरी गोगलगायींसाठी) वापरतात. निसर्गशास्त्रज्ञ पॅलासने १७७४ मध्येच क्लायोनी ही प्रजाती स्थापिली. त्यामुळे प्रजाती पॅलासची, जाती फिप्सची, असे आजचे जोडनाम.

ही एकच जाती दोन्ही ध्रुवांवर आढळते, असे दीर्घकाळ मानले जाई. अंटार्क्टिक रूपाला एडगर स्मिथने १९०२ मध्ये वेगळे नाव दिले होते. काहींनी ती उपजातीच धरली. जनुकीय पुरावा वेगळेपणाच्या बाजूचा असल्याने येथे क्लायोनी अंटार्क्टिका स्वतंत्र जाती मानली आहे. उत्तर पॅसिफिकमधील क्लायोनी एलेगान्टिसिमाही निराळी ठरते. ओखोत्स्क समुद्रातील क्लायोनी ओखोटेन्सिसची भर २०१७ मधली.

आर्क्टिक पाण्यात लांबी ७-८ सेंमी.पर्यंत भरते; याच जातीचे अधिक दक्षिणेकडील प्राणी बरेच लहान असतात. पारदर्शक शरीरामुळे तिला ‘सागरी देवदूत’ म्हणतात, परंतु वर सांगितलेल्या म्हणीचा लाक्षणिक अर्थ तिला चपखल बसतो. भक्ष्य जवळजवळ एकच : लिमॅसिना प्रजातीची कवचधारी, तरंगती गोगलगाय. ती जवळ येताच डोक्यातून मुखशंकूंच्या (तोंडाजवळच्या शंकूच्या आकाराच्या अवयवांच्या) तीन जोड्या झटकन बाहेर पडतात व कवच धरून त्याचे तोंड आपल्याकडे वळवतात. मग आकडे व दातेरी पट्टी यांनी मांस ओढून काढले जाते. कवच रिकामे टाकून दिले जाते. शरीरातील मेदसाठ्यावर ती प्रयोगशाळेत सुमारे वर्षभर उपाशी जगल्याची नोंद आहे.

अंटार्क्टिक जातीत टेरोएनोन हे माशांना नकोसे वाटणारे संयुग असते. हायपेरिएला डायलाटाटा हा लहान कवचधारी संधिपाद तिला जिवंत पकडून पाठीवर वागवतो आणि माशांपासून बचावतो.

उभयलिंगी. डिंभाला (अंड्यातून निघालेल्या पिलाला) आरंभी कवच असते, ते लवकरच गळते.