पार्श्वभूमी : ‘मायर्लिंग’मागची दोन दफनं

१९३६ चा फ्रेंच चित्रपट ‘मायर्लिंग’ पाहिल्यावर मनात उरते ती प्रेमकथा. प्राटर उद्यानाच्या गर्दीत ओळख लपवून फिरणारा राजपुत्र, तिथे भेटलेली मुलगी आणि जंगलातल्या शिकारीच्या बंगल्यात दोघांचा अंत. अंत खरा आहे. ३० जानेवारी १८८९ च्या सकाळी व्हिएन्नाजवळच्या मायर्लिंगमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज रुडॉल्फ आणि मेरी व्हेत्सेरा बंद खोलीत मृतावस्थेत सापडले. तो ३० वर्षांचा होता, ती १७.

घराण्याची कुळकथा इथे सांगत नाही. रुडॉल्फ सम्राटाचा एकुलता एक मुलगा होता, १८८१ पासून विवाहित, एका मुलीचा बाप. विचारांनी उदारमतवादी, वर्तमानपत्रात निनावी लेख लिहिणारा. वडिलांच्या कारभारात मात्र त्याच्या मताला किंमत नव्हती. मेरीशी त्याची जवळीक जेमतेम तीन महिन्यांची. नोव्हेंबर १८८८ मध्ये त्याच्याच नात्यातली एक बाई तिला राजवाड्यात घेऊन गेली. प्राटरमधली ती भेट पटकथेची देणगी. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने दुसऱ्या एका प्रेयसीला, एका नर्तकीला, आपल्यासोबत मरण्याविषयी विचारलं होतं. तिने नकार दिला आणि ही गोष्ट पोलीसप्रमुखाच्या कानावर घातली. मायर्लिंगला जाण्याआधीची रात्रही त्याने तिच्याकडेच काढली. एकमेवाद्वितीय प्रेमाच्या कथेत ही बाई बसत नाही.

खरा गुंता सुरू होतो तो मृत्यूनंतर. दरबाराने आधी हृदय बंद पडल्याची बातमी दिली. ती टिकेना. २ फेब्रुवारीला शवविच्छेदनाचा निष्कर्ष जाहीर झाला: युवराजाने स्वतःवर गोळी झाडली, पण कवटी आणि मेंदूच्या तपासणीत आढळलेल्या दोषांवरून हे कृत्य मनोभ्रमाच्या अवस्थेत घडलं असं मानता येतं. सारं काही या ‘मनोभ्रम’ शब्दावर टांगलेलं होतं. आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे अंत्यसंस्कार मिळत नसत. माणूस भानावर नव्हता असं ठरलं तरच वाट मोकळी होई. ती झाली, आणि ५ फेब्रुवारीला पूर्वजांच्या शवपेट्या असलेल्या तळघरात त्याला इतमामाने ठेवण्यात आलं.

तो निष्कर्ष प्रामाणिक होता की गरजेपोटी लिहिलेला, यावर आजही वाद आहे. रुडॉल्फने निरोपाची पत्रं आधीच लिहून ठेवली होती, म्हणजे भान शाबूत होतं, असा एक पक्ष. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. आजारी मनही पत्रं नीट लिहितं. त्याचं आजारपण, मॉर्फिन, वाढत गेलेलं नैराश्य, हे सगळं खरंच होतं. पण त्या डॉक्टरांनी ते नैराश्य तपासलं नव्हतं. दफनाआधी उत्तर हवं होतं, ते त्यांनी कवटीच्या हाडांत शोधलं.

मेरीसाठी मात्र असा शब्द शोधायची गरज कुणालाच वाटली नाही. तिच्या मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून झाली. रात्रीच्या अंधारात तिला कोट-टोपी घालून, जिवंत असल्यासारखी ताठ बसवून, मामा आणि मावशीचा नवरा यांच्या मधोमध घोडागाडीतून हायलिगेनक्रॉइत्सच्या मठात नेलं. १ फेब्रुवारीच्या सकाळी घाईघाईने पुरलं. तिचं नाव छापणारी परदेशी वर्तमानपत्रं जप्त होत होती.

म्हणून ‘दुहेरी आत्महत्या’ हा शब्द मला खटकतो. आपल्याकडेही हे प्रकरण सांगताना तो सर्रास येतो. बहुतेक इतिहासकारांच्या मते तिच्यावरची गोळी त्याने झाडली, आधी झाडली. तिची संमती होती, हे तिच्या पत्रांवरून दिसतं. तरीही १७ वर्षांच्या मुलीच्या संमतीचा आधार घेऊन तीस वर्षांच्या माणसाचं कृत्य आत्महत्येत जमा करायचं, हे मला पटत नाही.

पुढचं थोडक्यात. सम्राटाने बंगल्याचा मठ केला. वारसा आधी भावाकडे, मग पुतण्याकडे गेला आणि तो पुतण्या १९१४ मध्ये सारायेव्होला मारला गेला. १९१८ मध्ये साम्राज्य संपलं, दरबाराची बंधनं सुटली. १९३६ च्या चित्रपटाला एका फ्रेंच कादंबरीचा आधार होता. १९६८ मध्ये तीच कथा इंग्रजीत रंगीत होऊन आली. १९८३ मध्ये शेवटच्या सम्राज्ञीने हा राजकीय खून असल्याचं म्हटलं. पुरावा काही पुढे आला नाही.

मेरीला तोवरही स्वस्थता नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिची कबर उद्ध्वस्त झाली. १९५९ मध्ये तिला नवी शवपेटी मिळाली, तीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका माणसाने थडग्यातून चोरली. २०१५ मध्ये व्हिएन्नातल्या एका बँकेच्या दप्तरात तिची निरोपाची पत्रं सापडली, १९२६ पासून तिथेच पडून असलेली. आईला लिहिलेल्या पत्रात तिने क्षमा मागितली आहे आणि मायर्लिंगजवळच्या आलांड गावाच्या दफनभूमीत रुडॉल्फच्या शेजारी जागा मागितली आहे. तो आजही व्हिएन्नातल्या तळघरात आहे, ती हायलिगेनक्रॉइत्समध्ये.